बेल कोणी वाजवायची

आमच्या घरी बेल एकच, दाराबाहेर. सकाळी पावणेआठला मंगलताई ती वाजवतात आणि मी हातात असेल ते टाकून धावते. दुसऱ्यांदा वाजवायची वेळ आली तर मंगलताईंचा चेहरा उतरतो, आणि त्यांचा चेहरा उतरला की त्या दिवशी कढईचं काळं काही उतरत नाही. एकोणीस वर्षं हे असंच चाललंय. त्यामुळे इंग्लंडात ससेक्समधल्या अपपार्क नावाच्या वाड्याच्या तळघरात, भिंतीवर ओळीने टांगलेल्या घंटा पाहिल्या तेव्हा त्यांचा व्यवहारच मला आधी उलगडेना.

तिथल्या स्वयंसेविका आजींनी समजावून सांगितलं. वर साहेब किंवा मडम दोरी ओढणार, भिंतीतून गेलेली तार खाली घंटा हलवणार. प्रत्येक खोलीच्या घंटेचा आवाज निराळा, मुरलेला नोकर मान वर न करता सांगायचा की बोलावणं दिवाणखान्यातून आहे की शेजघरातून. शिवाय आवाज थांबला तरी घंटेची स्प्रिंग थोडा वेळ थरथरत राहते, म्हणजे हातातली परात खाली ठेवून उशिरा पोचलेल्यालाही कुठली वाजली ते कळावं.

"म्हणजे वाजवायची मालकिणीने आणि धावायचं नोकरांनी?" मी ह्यांना विचारलं.

"मग काय उलटं असतं का कुठे?" हे म्हणाले. हे एकोणीस वर्षं पावणेआठला पेपर वाचत असतात.

आम्ही दीड महिना लेकीकडे रेडिंगला गेलो होतो. राणीचा राजवाडा झाला, मादाम तुसाँ झालं, आणि जावईबापूंनी विचारलं, "बाबा, अजून काय बघायचंय?" हे तयारच होते. वुडहाउसच्या विनोदी गोष्टींतला बर्टी वूस्टर शनिवार-रविवारी जिथे जाऊन फसतो तसलं घर, म्हणाले. आमच्याकडे वुडहाउसचं एक अख्खं कपाट आहे, त्याच्यापुढे माझं मसाल्यांचं कपाट अर्धं. लग्नाच्या पंगतीत कुणी नुसतं "तो जीव्ह्ज बटलर" असं म्हणालं तरी हे जिलबी खाली ठेवतात. बर्टीचा नोकर जीव्ह्ज बटलर नव्हता, व्हॅलेट होता. बटलर अख्ख्या घराचा, दारूची कोठी, चांदीची भांडी आणि पुरुष नोकर त्याच्या ताब्यात. व्हॅलेट एकाच साहेबाचा, त्याचे कपडे, त्याची दाढी, त्याच्या भानगडी. हे सांगून झालं की नावाची हकीकत येते. पर्सी जीव्ह्ज हा वॉरिकशायरचा क्रिकेटपटू. वुडहाउसने त्याला १९१३ साली चेल्टनहॅमला खेळताना पाहिलं आणि नाव लक्षात ठेवलं. पर्सी १९१६ मध्ये सोमच्या लढाईत मारला गेला, आणि नाव मात्र दुसऱ्याच्या पँटींना इस्त्री करत अमर झालं. इथपर्यंत येईतो जिलबी गार झालेली असते.

लेकीला डाउन्टन ॲबी बघून सगळं माहीत होतं. पण त्या मालिकेतलं वरचं घर खरं, हायक्लिअर कॅसलचं. नोकरांचं स्वयंपाकघर लंडनच्या ईलिंग स्टुडिओत उभं केलेलं. म्हणजे ताट घेऊन जिना चढणारा फुटमन मधल्या पायरीवर गाव बदलतो.

फुटमन म्हणजे गणवेशातला गडी. दार उघडायचं, टेबलाशी वाढायचं, गाडीच्या मागे उभं राहायचं. आईबापांनी त्याचं नाव काहीही ठेवलेलं असो, पुष्कळ घरांत पहिला फुटमन तो जेम्स, नाहीतर जॉन. जेम्स नोकरी सोडून गेला की त्याच्या जागी येईल तोही जेम्स. लेकीला हे फार क्रूर वाटलं. मला काही वाटलं नाही. माझं माहेरचं नाव सुलभा. ताटातल्या तांदळात ह्यांनी अंगठीने 'अनुराधा' लिहिलं आणि चाळीस वर्षं मी त्या नावाने सह्या करतेय. जेम्सला निदान पगार होता.

उलट हाउसकीपर आणि मुख्य स्वयंपाकीण या दोघी मात्र 'मिसेस'. लग्न झालेलं असो वा नसो. आमच्याकडे त्या पदासाठी मुंडावळ्या बांधाव्या लागतात. तिथे कोठीच्या किल्ल्यांचा जुडगा कमरेला आला की सौभाग्य आपोआप.

आणि खाली काय उतरंड! वर अर्ल आणि ड्यूक यांच्यात जेवढा फरक नसेल तेवढा खाली भांडी घासणाऱ्या पोरीत आणि मालकिणीच्या खास दासीत, म्हणजे लेडीज मेडमध्ये. मोठ्या घरांत नोकर मंडळी एकत्र जेवायला बसत, बटलर मांस कापायचा, सगळे गप्प. मांस झालं की बटलर, हाउसकीपर, व्हॅलेट, लेडीज मेड अशी वरची मंडळी उठायची आणि रांगेने हाउसकीपरच्या खोलीत जायची. का, तर गोड खायला. पुडिंग तिथे. खालच्यांनी त्या खोलीला 'पग्ज पार्लर' असं नाव पाडलं होतं. मी पुष्कळ पंगती पाहिल्या आहेत, त्यांत रुसवे पाहिले, पाटावरून झालेली भांडणं पाहिली, पण मसालेभात सगळ्यांबरोबर खाऊन श्रीखंडाला शेजारच्या खोलीत निघून गेलेला माणूस पाहिला नाही. गेला असता तर परत कुणी बोलावला नसता.

पाहुण्यांबरोबर त्यांचे नोकर येत, ते खाली आपल्या मालकाच्याच नावाने ओळखले जात, आणि बसतही मालकाच्या मानाने. ड्यूकचा व्हॅलेट आधी, बॅरनचा मागून. हे समजायला मला पाटी वाचावी लागली नाही. लग्नात मुलाकडच्यांचा ड्रायव्हर हासुद्धा मुलाकडचाच असतो.

फुटमनची आणखी एक गंमत म्हणजे त्याचा भाव उंचीवर ठरायचा. लंडनच्या गरिबीची पाहणी करणाऱ्या चार्ल्स बूथने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे दर टिपून ठेवलेत. दुसऱ्या क्रमांकाचा फुटमन साडेपाच फूट असेल तर वर्षाला २० ते २२ पौंड. तोच पाच फूट दहा इंचांच्या वर गेला की २८ ते ३०. जोडी सारख्या उंचीची मिळाली तर दुधात साखर, बैलांसारखी. पोटऱ्या बारीक असतील तर मोज्यांत गाद्या भरायच्या. आणि एवढं करून सरकार त्यावर कर घ्यायचं. अमेरिकेतल्या लढाईला पैसा कमी पडला म्हणून १७७७ साली पुरुष नोकरावर माणशी एक गिनी कर बसला. अमेरिका गेली, कर राहिला, तो थेट १९३७ पर्यंत. गणवेशातले गडी ठेवणं ही चैन होती आणि ती दिसावी हाच हेतू, तेव्हा कर भरणं हीसुद्धा शोभाच झाली. खरं काम बायका करायच्या. त्यांच्यावर तेवढा कर टिकला नाही, कारण त्या दिसायला नको होत्या.

बायका काय करायच्या ते मी सकाळी पेटवर्थला बघून आले होते. पेटवर्थ हा तिथून जवळचाच दुसरा वाडा. तिथे टर्नरची चित्रं आहेत, लाकडातलं अफाट कोरीवकाम आहे, ते सगळं ह्यांनी पाहिलं. मी स्वयंपाकघरात गेले ती बाहेर येईना. भिंतभर तांब्याची भांडी, एक हजाराहून जास्त. मोठी डेगसारखी, लहान वाटीएवढी, माशाच्या आकाराची. माझ्या पोटात गोळा आला, कारण तांब्याची भांडी म्हणजे आतून कल्हई आणि बाहेरून घासणं. मी तिथल्या आजोबांना विचारलं, यांना कल्हई कोण करायचं? त्यांना प्रश्न इतका आवडला की ते खुर्चीतून उठले. कथलाचा थर, वेळोवेळी पुन्हा द्यावा लागायचा, वगैरे. मग मी त्यांना नवसागराचा धूर सांगितला, आणि कल्हईवाल्याचा पोरगा पातेल्यात उभा राहून पायांनी गोल गोल फिरत ते कसं घासायचा तेही सांगितलं, थोडं करूनही दाखवलं. लेक तोवर दुसऱ्या खोलीत निघून गेली होती.

पलीकडे स्कलरी, म्हणजे मोरी. तिथे तेरा-चौदा वर्षांची पोर वाळू, मीठ आणि व्हिनेगर घेऊन ही भांडी घासायची. आपल्याकडे चिंच तरी असते, हाताला जरा बरं. घरातल्या सगळ्यांत खालच्या पगाराची ती. वरच्या कामवाल्या पोरी पहाटे उठून शेगड्यांतली राख काढायच्या, ओली चहापत्ती गालिच्यावर टाकून धुळीसकट झाडून घ्यायच्या, आणि अंघोळीचं गरम पाणी पितळी झाऱ्यांतून दोन-दोन जिने वर न्यायच्या. ते पाणी वापरून झालं की तेच पुन्हा खाली. वर नेलेलं पाणी परत खाली आणायचं असतं हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

पेटवर्थचं स्वयंपाकघर मुख्य घरात नाही. नोकरांची इमारतच वेगळी, मधून भुयारी वाट. आग लागू नये, धूर येऊ नये, आणि वास तर मुळीच नको. म्हणजे फोडणीचा वास दिवाणखान्यात आला तर अब्रू जायची. एवढ्या हजार भांड्यांत शिजवलेलं, भुयारातून चालत आलेलं जेवण साहेबांच्या ताटात कोमट पडायचं. आमचे हे तव्यावरची पोळी ताटात यायला अर्ध्या मिनिटाच्या वर लागलं तर मान वळवून बघतात. ह्यांना ड्यूक व्हायची सोय नाही.

दोन वाड्यांच्या मध्ये गाडीत आम्ही केळी खाल्ली. माझं माहेर जळगावचं, तेव्हा केळी म्हटलं की मी बोलतेच. पण या वेळी सांगायचं ह्यांच्याकडे होतं. डर्बीशायरमधला चॅट्सवर्थ हा ड्यूक ऑफ डेव्हनशायरचा वाडा, घराण्याचं आडनाव कॅव्हेंडिश. तिथे १८२६ साली जोसेफ पॅक्स्टन नावाचा विशीतला पोरगा मुख्य माळी म्हणून आला. पहाटे साडेचारला पोचला, फाटक बंद, म्हणून चढून आत उतरला. बाग पालथी घातली, सहाला माणसं कामाला लावली, कारंजी सुरू करून पाहिली, मग हाउसकीपरकडे न्याहारीला गेला. तिची भाची तिथे होती. नऊ वाजायच्या आत दोघं प्रेमात. त्याच पॅक्स्टनने पुढे काचघरात मॉरिशसहून आलेल्या रोपावर केळी पिकवली आणि त्या जातीला मालकाचं आडनाव मिळालं. पुढे लंडनचा क्रिस्टल पॅलेसही त्यानेच उभा केला, १८५१ साली. आमची जळगावची बसराई त्याच कॅव्हेंडिश कुळातली. पिकवली माळ्याने, नाव ड्यूकचं. मी साल पिशवीत टाकलं आणि म्हटलं, तांदळात कुणी अंगठी फिरवली असेल.

अशा घरातल्या मालकांचे किस्से ऐकले की राग येतो येतो आणि मध्येच कीव येते. मार्लबरोच्या एका ड्यूकची गोष्ट सांगतात की लेकीकडे राहायला गेला असता त्याने तक्रार केली, ब्रशला फेसच येत नाही. घरी व्हॅलेट ब्रशवर दंतमंजन घालून ठेवायचा. फेस हा ब्रशचा गुण नव्हे हे साहेबांना कळायला एवढी वर्षं गेली. त्याच घराण्यातली, त्यांच्या ब्लेनमच्या वाड्यात नांदायला आलेली अमेरिकन सून कॉन्सुएलो व्हँडरबिल्ट, तिने एकदा बटलरला बोलावून रचून ठेवलेली शेगडी पेटवायला सांगितली. बटलर अदबीने म्हणाला, फुटमनला पाठवतो. काडी ओढणं त्याच्या पायरीचं काम नव्हतं. तिने स्वतःच पेटवली. मंगलताईही गॅसच्या शेगडीला हात लावत नाहीत, ते 'वरचं काम' आहे. मी स्वतःच पुसते. कॉन्सुएलोशी माझं पटलं असतं.

बेडफर्डच्या दहाव्या ड्यूकला दुपारी बारानंतर वाटेत कामवाली दिसली तर तिची नोकरी जायची, कारण बाराच्या आत कामं उरकलेली असायला हवीत. नॉटिंगहॅमशायरचा, वेलबेक ॲबीचा पाचवा ड्यूक ऑफ पोर्टलंड त्याच्याही पुढचा. त्याला कुणीच दिसायला नको होतं. जमिनीखाली त्याने भुयारं खणली, भलीमोठी दालनं बांधली, दारांना टपालाच्या फटी केल्या आणि सगळा कारभार चिठ्ठ्यांवर. कधीही भूक लागेल म्हणून एक कोंबडी अहोरात्र भाजत ठेवलेली असायची. म्हणजे एकटं राहायचं एका माणसाने आणि त्यासाठी जागायचं सगळ्या स्वयंपाकघराने.

आता पुन्हा अपपार्क. या वाड्याचे एके काळचे मालक सर हॅरी फेदरस्टनहॉ. तरुणपण रंगेल गेलं. पुढे लेडी हॅमिल्टन म्हणून गाजलेली एमा त्यांच्या जेवणाच्या टेबलावर नाचली असं सांगतात. मग म्हातारे झाले, एकटे राहिले. सत्तरी आली असताना एक दिवस दूधघरातून गाणं ऐकू आलं. गाणारी मेरी ॲन बुलक, विशीतली गवळण. सर हॅरी दाराशी गेले आणि मागणी घातली. पोर गांगरली. म्हणाले, आत्ता काही बोलू नको. होकार असेल तर आज रात्री माझ्यासाठी येणाऱ्या मटणाच्या तंगडीतून एक काप काढून पाठव.

रात्री तंगडी आली. एक काप काढलेला होता.

मी आयुष्यात पाच-पन्नास कांदेपोह्यांचे कार्यक्रम पाहिले असतील, पण इतका नीटस निरोप कुठल्या पोह्यांनी दिलेला नाही. १८२५ साली लग्न झालं. सर हॅरींनी तिला शिकायला पॅरिसला पाठवलं, आणि मरताना सगळी इस्टेट तिच्या नावे केली. शेजारच्या बड्या घरांतल्या बायकांनी काय काय म्हटलं असेल ते मी मनातल्या मनात मराठीत म्हणून पाहिलं. मेरी ॲनने घर नवऱ्याच्या वेळी होतं तसंच ठेवलं, आणि तिच्यामागे ते तिच्या बहिणीकडे आलं. म्हणजे गवळणीची बहीण आता मालकीण, आणि तिने १८८० साली हाउसकीपर नेमली आपली जुनी लेडीज मेड सेरा वेल्स. एच. जी. वेल्सची आई.

सेराबाईंना कामाची फारशी हातोटी नव्हती. हिशेब जुळायचे नाहीत, नोकर ऐकायचे नाहीत, आणि १८९३ मध्ये त्यांना जावं लागलं. त्यांच्यासारखी वाईट हाउसकीपर दुसरी झाली नसेल, असं खुद्द मुलानेच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. काळे रेशमी कपडे, कमरेला किल्ल्या, आणि जगभर वाचला जाणारा मुलगा हे लिहितो! मी लेकीकडे पाहिलं. ती काही लिहीत नाही, हे एक बरं. तो मुलगा मात्र सुट्टीत, आजारपणात इथे यायचा, वाड्यातली पुस्तकं चाळायचा आणि या तळघरात, भुयारांत वावरायचा. १८९५ साली त्याने 'टाइम मशीन' लिहिली, तिच्यात जमिनीवर नाजूक आयतोबा आणि जमिनीखाली यंत्रं चालवणारी माणसं. खालची वरच्यांना खातात. भुयाराच्या तोंडाशी उभं राहिलं की त्याला हे कुठून सुचलं असेल असा प्रश्न पडत नाही. जेवणाच्या वाटेने ये-जा करायची ती, फक्त दिशा बदललेली.

पुढे हे सगळं सरलं. १९११ साली अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांनी विम्याचा कायदा आणला, नोकरांच्या आजारपणासाठी दर आठवड्याला मालकिणीने कार्डावर तिकीट चिकटवायचं. तर लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये मडमांची प्रचंड सभा झाली, आम्ही तिकिटं चाटणार नाही म्हणून. आणि चाटायला घरात दुसरं कुणी होतं ना, ते कुणाला सुचलं नाही वाटतं. मग महायुद्ध आलं, मुली कारखान्यात, दुकानात, कचेरीत गेल्या आणि पुन्हा राख काढायला आल्या नाहीत. वाड्यांतून एकच वाक्य ऐकू येऊ लागलं, हल्ली चांगल्या बायका मिळत नाहीत. हे वाक्य मी इंग्रजीत पहिल्यांदाच वाचलं. मला वाटत होतं ते आमच्या सोसायटीचं आहे.

वाडे बघून रेडिंगला परत आलो ते बुधवारी रात्री. लेकीने दार उघडलं आणि पर्ससुद्धा न ठेवता म्हणाली, "आई, पटकन. उद्या क्लीनर येणार, घर आवरायला हवं." दर पंधरा दिवसांनी गुरुवारी दोन तासांसाठी एक बाई येतात. त्या येणार म्हणून आम्ही साडेअकरापर्यंत ओटा पुसला, बाथरूमचे नळ पुसले, ह्यांच्याकडून चपला एका रांगेत लावून घेतल्या.

सकाळी मी आलं घालून चहा टाकला, दोन बटर काढून ठेवली. मंगलताईंना लागतात तशी. लेक म्हणाली, "अगं, त्या नाही घेत. आणि तुम्ही दोघं जरा बाहेर जाऊन या."

"का?"

"आपण घरात असलो की त्यांना अवघडतं. मी कॉलवर आहे, वरच्या खोलीत बसते दार लावून. बारापर्यंत या."

"बेल वाजली की मी उघडते आणि जाते ना."

"त्यांच्याकडे किल्ली आहे, आई."

तर आम्ही दोघं कोपऱ्यावरच्या बागेत बाकावर बसलो. बारीक पाऊस होता. त्या बाई आमच्या शेजारूनच गेल्या असतील, ओळख नसल्याने कळलं नाही. ह्यांनी पेपर उघडला, तो भिजला, घडी घालून पुन्हा खिशात ठेवला. "पूर्वी बटलर पेपरला इस्त्री करून द्यायचे," हे म्हणाले, "शाई हाताला लागू नये म्हणून."

मी पिशवीतून उरलेली दोन केळी काढली. अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती.